एकशे बत्तिसावी नोंद

१

बुधवारी सकाळी सव्वानऊ वाजता पुनर्वसन केंद्राच्या सहा नंबरच्या खोलीतून एक प्राणी नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं. प्राण्याचं नाव साखळी. वय एकवीस वर्षं. वजन शून्य. तो एका व्हिडिओ गेममध्ये राहत होता.

शोध लावला मुलाने. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवत असे आणि पहिली शिकवणी आटोपून रोज वडिलांना भेटायला येई. वडील निवृत्त मोजणीदार. चौतीस वर्षं त्यांनी लोखंडी साखळीने लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात व बोलणं, दोन्ही एकाच सकाळी गेलं. समजत सगळं होतं. शब्द दाराशी येऊन परत जात, एवढंच.

मुलाने उशाजवळचं हातात मावणारं यंत्र सुरू केलं. ‘जोडवन’ हा त्यातला खेळ त्याला कधीच आवडला नव्हता, पण पहिल्या जागेवर साखळी असते, एवढं घरातल्या मांजरालाही माहीत होतं. लांब, करड्या सुताचा गुंडाळा आणि दोन डोळे. आज तिथे भलताच प्राणी उभा होता. चंदेरी, अंगावर सहा टाके.

“बाबा, साखळी कुठंय?”

मोजणीदारांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर दोनदा आपटला.

“हो हो, तुमचीच होती. पण गेली कुठं?”

त्यांनी पुन्हा छातीवर हात आपटला. मग त्यांच्या घशातून एक मोठा, आकारहीन आवाज निघाला आणि खोलीबाहेर फरशी पुसणाऱ्या मावशी बादली टाकून धावत आल्या.

मुलगा त्यांच्यावरच भडकला. “हा ड्रॉवर तुम्हीच आवरता ना? कुणी हात लावला याला?”

“मी कशाला लावू त्या पिपाणीला!”

मुलाने यंत्र बंद करून स्वतःच्या खिशात घातलं. म्हणाला, “आता हे माझ्याकडे राहील. आणखी काही पुसलं जायला नको.”

त्या क्षणापासून मोजणीदारांनी तोंड मिटलं.

२

केंद्रात बोलणं शिकवणाऱ्या उपचारतज्ज्ञ होत्या. त्या स्वतः फार कमी बोलत, म्हणून सगळे त्यांना ‘बोलक्या बाई’ म्हणत. दहा वाजता त्या कागद घेऊन खोलीत आल्या आणि साडेदहाला शून्य गुण लिहून बाहेर पडल्या.

सोमवारी याच माणसाला चाळीसपैकी चाळीस पडले होते.

ही चाळीस प्रश्नांची परीक्षा बाईंनी त्या खेळातूनच तयार केली होती. पहिले दोन महिने मोजणीदार ‘मीठ’ म्हटल्यावर ‘साखर’ म्हणत नव्हते, ‘दिवस’ म्हटल्यावर ‘रात्र’ म्हणत नव्हते. मग एका रविवारी त्यांची मुलगी बिछान्याजवळ बसून सहज म्हणाली, “कुलपू?” आणि वडिलांच्या तोंडून लख्ख शब्द आला, “किल्लू.”

‘जोडवन’मध्ये दीडशे विचित्र जीव पकडून पाळायचे असतात आणि त्यांतला एकही एकटा नसतो. नोंदी जोडीने येतात: विषम आकड्याला डावा, पुढच्या सम आकड्याला उजवा. पंधरावा कुलपू, सोळावा किल्लू. तेविसावा चिमणदिवा, चोविसावा काजळू. एकतिसावा दोराळ, बत्तिसावा सुईमासा. खेळाच्या दोन आवृत्त्या, ‘पहाट’ आणि ‘सांज’. अर्धे डावे एकीत सापडतात, त्यांचे उजवे दुसरीत. सगळे हवे असतील तर कुणाशी तरी देवघेव करावीच लागते. मुलगी नऊ वर्षांची असताना वडिलांनी स्वतःला ‘पहाट’ आणि तिला ‘सांज’ आणली. साखळी हे वडिलांनी आपल्या दोराळाचं ठेवलेलं लाडकं नाव.

मुलीने तेव्हा एक वही केली होती. डाव्या पानावर जोडीची नावं, उजव्या पानावर त्या जोडीबद्दलच्या गमती. ‘कुलपूचा आवाज उलटा वाजवला की किल्लूचा होतो.’ ‘चिमणदिव्याची सावली चुकून दिव्याच्याच बाजूला काढली आहे. दुसऱ्या खेळात सुधारली, पण बाबांना चुकलेलीच आवडते.’ बाईंनी वहीतून पहिल्या वीस जोड्यांची नावं उतरवून घेतली. गमती वाचत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यांना शब्द हवे होते. त्या एक नाव म्हणत, मोजणीदारांनी (बाई त्यांना काका म्हणत) जोडीदाराचं सांगायचं, मग उलट. चाळीस प्रश्न.

सोमवारी चाळीस. मंगळवारी दुपारी साडेतीनला अडतीस. आज शून्य.

मंगळवारच्या कागदावर बाईंचं बोट थांबलं. तीन रकाने होते: बरोबर, चूक, अर्थहीन. काकांच्या दोन्ही चुका तिसऱ्या रकान्यात होत्या. ‘दोराळ’ विचारल्यावर त्यांनी सुईमासा म्हटलं नव्हतं आणि ‘सुईमासा’वर दोराळ म्हटलं नव्हतं. दोन्ही वेळा भाषेत नसलेला कसलासा शब्द उच्चारला होता. कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांचा तसा दंडकच होता: “जे शब्दच नाहीत, ते लिहून काय करायचंय?”

सुधारत असलेला रुग्ण अचानक मनाचे शब्द बनवू लागला, तर ते वाईट लक्षण मानतात. त्यात आज शून्य.

शुक्रवारी अकराला आढावा होता. सहा नंबरची खाट आणि बोलण्याचे उपचार पुढे चालू ठेवायचे, की काकांना कायमच्या शुश्रूषागृहात हलवायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. शुश्रूषागृहात बोलायला शिकवणारं कुणी नव्हतं.

बाईंकडे दोन दिवस होते.

३

“मला विचारू नका,” मावशी म्हणाल्या आणि पुढची वीस मिनिटं त्याच बोलत होत्या.

“काल दोनला माझी पाळी संपली. त्याआधी खोली कशी चकाचक केली होती! आज येऊन बघते तर भिंतीवर ही काळी रेघ. घासून घासून हात दुखले, जाते का बघा. आणि त्यात हे ओरडतात माझ्यावर. त्या खेळण्यातली शेपटी गेली म्हणे! अहो, माझी सून गेली माहेरी, तेव्हा एवढा दंगा नाही झाला.”

रेघ दोन खाटांच्या मधोमध होती, पुरुषभर उंचीवर. तिच्या वर घड्याळ. घड्याळ किंचित तिरकं होतं.

“हे बंद आहे का?” बाईंनी विचारलं. घड्याळात दोन चाळीस झाले होते.

“तेही आजच बघितलं. सेल संपला असेल. पण सोमवारीच नवा घातला हो मी! माझ्याच हाताने लाल ठिपका लावून.”

“लाल ठिपका?”

मावशी ओशाळल्या. “नेलपॉलिशचा. इथले पेन्सिल सेल पेशंटचे नातेवाईक रेडिओत घालून नेतात. म्हणून मी प्रत्येकावर ठिपका देते. चोर सापडला की पुरावा नको?”

बाई खुर्चीवर चढल्या, घड्याळ उतरवलं आणि उलटं केलं.

मागची खाच रिकामी होती.

४

मुलगा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला टेकून शिकाऊ गिऱ्हाइकाची वाट बघत होता. गाडीच्या टपावर मोठं ‘शि’ लिहिलेलं होतं.

“मॅडम, तुम्हाला वाटत असेल मीच पुसलं.”

“पुसलंत का?”

“मनात शंभरदा आलं होतं. सगळं आयुष्य या दोघांनी त्या डबड्यात डोकं घालून काढलं. आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांचा, ही आठ. पुढच्या वर्षी बाबांनी ते दोन खेळ आणले. मला विचारलं होतं, तुलाही हवा का. मी म्हटलं, मी काय लहान आहे?” त्याने गाडीची काच बोटाने पुसली. “ते शुश्रूषागृह माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. मला त्यांना टाकायचं नाहीये. जवळ हवेत, इतकंच.”

“तुमच्या बहिणीला सांगितलंत?”

“नाही. तुम्हीही सांगू नका. ती चष्म्याच्या भिंगांचं काम करते. दुसऱ्या शहरात तिला वर्कशॉपची मुख्य करत होते, तर हिने नाही म्हणायचं ठरवलंय. बाबांना सोडून कशी जाऊ म्हणे. कंपनीने सोमवारपासून तिकडेच ट्रेनिंगला नेलंय, शुक्रवारी परत येईल. येताना शेवटचा नकार देऊन येणार. त्यात साखळी गेल्याचं कळलं तर रडून रडून जीव देईल.”

“मंगळवारी दुपारी दोन ते साडेतीन तुम्ही कुठे होतात?”

“या गाडीत. एका काकूंना रिव्हर्स शिकवत होतो. विचारा त्यांना, त्यांनी कुंपण मोडलंय.”

बाईंनी हात पुढे केला. मुलाने खिशातून यंत्र काढलं, पण लगेच सोडलं नाही.

“एक सांगू? बाबा नेहमी म्हणायचे, मी एकशे अठ्ठेचाळीसवर थांबलोय आणि मजेत थांबलोय. दीडशेपैकी दोन त्यांनी कधी मिळवलेच नाहीत. मोजणीचा माणूस, आणि मोजणी अर्धवट! तेवढं मात्र मला कधी कळलं नाही.”

बाईंनी तिथेच यंत्र सुरू केलं. खेळाच्या पहिल्या पडद्यावर, अगदी कोपऱ्यात, आजवर मिळवलेल्या जीवांचा आकडा होता.

एकशे एकोणपन्नास.

चोरी झाली, आणि एक वाढला.

५

सहा नंबरच्या खोलीत मोजणीदार भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेजारची खाट रिकामी होती. तिच्यावर तीन आठवडे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे बेकरीवाले होते. ते मंगळवारी चारला घरी गेले.

बाईंनी यंत्र मोजणीदारांच्या डाव्या हाताशी ठेवलं. त्यांनी मान वळवली. बोटं यंत्रावर गेली आणि तिथेच राहिली.

“काका, मी बघू का जरा? तुमच्यासमोरच बघते.”

होकारार्थी मान हलली.

सहा टाक्यांच्या चंदेरी प्राण्याखाली लाडकं नाव होतं: टाचणी. बाईंनी पान उलटलं. दुसऱ्या पानावर एकच ओळ होती.

मूळ सांभाळकर्ती: चिंगी.

“चिंगी कोण, काका?”

मोजणीदारांचे डोळे भरून आले. त्यांनी जमिनीपासून हातभर उंची दाखवली, मग तोच हात हळूहळू वर नेला, आपल्या डोक्याच्याही वर.

मुलगी. जी सोमवारपासून दुसऱ्या शहरात होती.

पण तिचा प्राणी इथे आला, तर तिचं यंत्रही इथेच असलं पाहिजे. बाईंनी ड्रॉवर उघडला. मागच्या बाजूला एक कापडी पाकीट होतं. आत ती जुनी वही, दोन यंत्रं जोडायची वायर आणि मुलीचं यंत्र. झटका आल्यापासून तिने ते सुरूच केलं नव्हतं. सेल कधीच संपला होता, असं तिनेच बाईंना सांगितलं होतं.

बाईंनी बटण दाबलं. पडदा उजळला.

त्यांनी ते बंद करून मागचं झाकण सरकवलं. आत एक पेन्सिल सेल होता. सेलवर लाल ठिपका.

६

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात आता तीन गोष्टी होत्या: काकांचं यंत्र, मुलीचं यंत्र आणि वही. घड्याळ कधी बंद पडलं हे घड्याळानेच सांगितलं होतं. मंगळवारी दोन चाळीसला कुणीतरी त्याचा सेल काढून मुलीच्या यंत्रात घातला. परीक्षा साडेतीनला झाली. म्हणजे ते दोन अर्थहीन शब्द या प्रकारानंतरचे.

त्यांनी वहीची मागची पानं चाळली. नवव्या वर्षाचं गोल अक्षर एकशे तीसपर्यंत येत होतं आणि एकशे तेहेतीसपासून पुन्हा सुरू होत होतं. मधलं पान कोरं. फक्त दोन आकडे आणि दोन प्रश्नचिन्हं.

काकांच्या यंत्रातली नोंदवही त्यांनी उघडली. एकशे एकतीस: रिकामी चौकट. एकशे बत्तीस: चंदेरी प्राणी, सहा टाके. खाली त्याचं खरं नाव.

टाकेरा.

हा शब्द त्यांनी ऐकला होता. मंगळवारी, याच खोलीत, स्वच्छ आवाजात. आणि ऐकून तिसऱ्या रकान्यात फुली मारली होती.

मग त्यांनी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ते केलं. एकतीस-बत्तीसचं पान काढून उजवी बाजू वाचली.

‘या दोघांची एकमेकांशीच अदलाबदल केली तर दोघेही मोठे होतात. दोराळ दुसऱ्याच्या यंत्रात जाऊन बदलतो आणि सुईमासा आपल्या यंत्रात येऊन बदलतो. दुसऱ्या कुणाशी केली तर काहीच होत नाही. एकदा मोठे झाले की परत लहान होत नाहीत. बाबा म्हणाले, आत्ता नको. तू घर सोडून जाशील तेव्हा करू. मी म्हटलं, मी कुठेच जाणार नाही. बाबा म्हणाले, बघू.’

बाईंनी मागे वळून पाहिलं. मोजणीदार त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी डावा हात छातीवर आपटला. दोनदा.

‘माझी’ नव्हे. ‘मी’.

पण एका हाताने दोन यंत्रांची बटणं दाबता येत नाहीत. आणि भिंतीवरचं घड्याळ खाटेवर पडून उतरवता येत नाही.

७

बेकरीवाले गल्ल्यामागे उंच खुर्चीवर पाय पुढे करून बसले होते. तीन आठवडे बेकरीबाहेर राहिल्याचा सूड ते सगळ्या नोकरांवर एकदम उगवत होते. बाईंना पाहताच त्यांनी काठी खुर्चीमागे लपवली.

“टोकाला रबर काळं आहे ना तिच्या?” बाई म्हणाल्या.

“काठ्यांना काळंच असतं, बाई. गुलाबी मिळत नाही.”

“घड्याळ काठीनेच उतरवलंत. परत टांगताना भिंत खराब केलीत. मावशी तुम्हाला शोधतायत.”

बेकरीवाल्यांनी घाईघाईने दोन बिस्किटं बशीत ठेवून बाईंपुढे सरकवली. “मी काही सांगणार नाही. मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“ज्याच्याकडे शब्द नाहीत, त्याला. अशा माणसाला दिलेला शब्द मोडायचा?”

“मोडू नका. मी सांगते, तुम्ही फक्त चुकलं तर थांबवा.” बाईंनी बिस्कीट घेतलं नाही. “मंगळवारी दोनला मावशी गेल्या. काकांनी तुम्हाला पाकीट काढायला लावलं. मुलीच्या यंत्रात जीव नव्हता. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. तुम्ही सेल काढलात, वायर जोडलीत. त्यांच्या यंत्रावर त्यांचं बोट, मुलीच्या यंत्रावर तुमचं.”

बेकरीवाल्यांनी बशी आणखी पुढे सरकवली.

“एवढंच कळत नाही की मंगळवारीच का.”

त्यांनी पाव मोजणाऱ्या नोकराला आत पिटाळलं. मग म्हणाले, “पाकिटात पत्र होतं हो. तिचं. नोकरी नको म्हणून लिहिलेला कच्चा मजकूर. मंगळवारी सकाळी ते आपला गेम ड्रॉवरमधून काढायला गेले, तर पाकीट खाली पडलं आणि कागद बाहेर आला. यांना वाचायला वेळ लागतो, म्हणून मी मोठ्याने वाचला. वाचला तो वाचला! ‘वडिलांच्या प्रकृतीमुळे मला येता येणार नाही.’ बाई, हा माणूस तासभर छताकडे बघत होता. मग ते पत्र उशीखाली सरकवलं आणि डाव्या हाताने माझ्याकडे पेन्सिल मागितली.”

त्यांनी गल्ल्यातून एक चतकोर कागद काढला. बिलाच्या पाठीवर डाव्या हाताने ओढलेल्या थरथरत्या रेघा होत्या. दोन चौकोन, त्यांच्यामध्ये जाणारा एक बाण आणि येणारा एक बाण. खाली एक छोटं घर. घरातून निघालेला लांब रस्ता, आणि त्याच्या शेवटी दुसरं घर. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण.

“मी म्हटलं, अहो, उत्तर कशाला काढताय? तर असे रागावून बघतात, जणू मीच अडाणी.” बेकरीवाल्यांनी नाक पुसलं. “मी निघताना त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. तिचं तिला कळू दे, असं. बास. मी काही सांगितलेलं नाही हं.”

“तुम्ही काहीच सांगितलं नाहीत,” बाई म्हणाल्या आणि बिस्कीट उचललं. “हा कागद मात्र शुक्रवारपुरता द्या.”

८

शुक्रवारी अकराला सहा नंबरच्या खोलीत मोठे डॉक्टर आले. त्यांच्यामागे मुलगा, दाराशी मावशी. सव्वाअकराला मुलगी आली, हातात प्रवासाची बॅग. ती सरळ वडिलांच्या खाटेवर बसली.

“काय हो बाबा, दाढी कुणी केली? अर्धा गाल सोडलाय.”

“मी केली,” मुलगा म्हणाला. “चिंगे, तुला एक सांगायचंय. साखळी…”

“आधी आढावा,” मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद वर धरला. “चाळीस, अडतीस, शून्य. शिवाय अर्थहीन शब्द. उतरण स्पष्ट आहे.”

“सर, चूक आहे,” बाई म्हणाल्या. “रुग्णाची नाही, माझी. मंगळवारी त्यांना चाळीसपैकी चाळीसच होते. बुधवारी त्यांना शून्य नाही. त्यांच्या हातातून त्यांची वस्तू काढून घेतली, म्हणून ते कुणाशी बोलले नाहीत. तुमचा पेन हिसकावून मी प्रश्न विचारले, तर तुम्ही उत्तर द्याल?”

डॉक्टरांनी नकळत खिशाला हात लावला. “आणि ते मनाचे शब्द?”

“तुम्हीच विचारा. एकतीस आणि बत्तीस.”

डॉक्टरांनी चष्मा नाकावर घेतला. “दोराळ?”

मोजणीदारांनी डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. ते मुलीकडे बघत होते. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

“गाठोळ.”

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले.

पण ते ऐकीव नाव ओळखून मुलगी उभी राहिली होती. बॅग खाली पडल्याचंही तिला कळलं नाही.

“सुईमासा?” डॉक्टरांनी विचारलं.

“टाकेरा.”

“बाबा!” मुलगी ओरडली. “काय केलंत तुम्ही?”

बाईंनी पाकीट तिच्या हातात दिलं. तिने आपलं यंत्र सुरू केलं. पहिल्या जागेवर जिथे तिचा सुईमासा, म्हणजे टाचणी असायची, तिथे गाठी मारलेल्या जाड दोराचा एक मोठा, गंभीर प्राणी बसला होता. खाली नाव: साखळी. मूळ सांभाळकर्ता: बाबा.

“सर, दीडशेच्या नोंदवहीतले हे शब्द आहेत,” बाई शांतपणे म्हणाल्या. “माझी यादी चाळीसवर संपत होती, म्हणून मला ते अर्थहीन वाटले. मी विचारलं होतं, याचा जोडीदार कोण. त्यांनी त्याच्या पुढचं सांगितलं, आता त्याचं काय झालंय ते. चोरी झाली असती तर त्यांचा आकडा एकशे अठ्ठेचाळीसच राहिला असता. तो एकाने वाढला, कारण साखळी कुणी नेली नाही. त्यांनी दिली. सेल घड्याळातला. हात शेजाऱ्याचा. विचार पूर्णपणे त्यांचा.” त्यांनी चतकोर कागद डॉक्टरांसमोर ठेवला. “बिघडत चाललेला माणूस असा नकाशा काढत नाही.”

डॉक्टरांनी उत्तर दिशेच्या बाणावर बोट ठेवलं.

मुलीचं इकडे लक्षच नव्हतं. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही ठरवता येत नव्हतं. “मला न विचारता? एकवीस वर्षं जपलं हो मी तिला! आता परत लहान नाही होत ती, माहितीये ना?”

मोजणीदारांनी मान हलवली. माहीत होतं.

“आणि मी कुठे जाणार नाहीये. मी वहीत लिहिलंय तसं.”

मोजणीदारांनी डावा हात तिच्या यंत्रावर ठेवला. कपाळावर घाम आला.

“साखळी,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “घे.” आणि लगेच, जणू इतका वेळ हाच शब्द अडून बसला होता, “जा.”

खेळाबाहेरचे शब्द त्यांनी तीन महिन्यांत पहिल्यांदाच उच्चारले होते.

मुलाने खाली पडलेली बॅग उचलून तिच्या हातात दिली. “जा ना मग, चिंगे. मी आहे इथे. रिव्हर्स शिकवू शकतो, तर हे काय अवघड आहे?” मग दाराकडे वळून म्हणाला, “मावशी, परवा मी बोललो ते…”

“राहू दे. भिंत रंगवून द्या, म्हणजे झालं.”

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खोडलं. खाट आणखी तीन महिने. उपचार रोज. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक चौथा रकाना आखला: नेमका शब्द लिहावा.

९

घड्याळात नवा सेल आला. बेकरीवाल्यांनी पाठवला, ठिपका मावशींनी दिला. जुना मुलीबरोबर दुसऱ्या शहरात गेला, साखळीला उजेड देत.

तिने कच्चा मजकूर फाडून टाकला होता. आता ती रोज संध्याकाळी सहाला वर्कशॉपमधून फोन करते. मुलगा फोन वडिलांच्या कानाशी धरतो. हल्ली तो ‘जोडवन’चं स्वतःचं एक यंत्र घेऊन आलाय आणि ते खाटेखाली लपवतो. मुलगी एक नाव म्हणते, वडील जोडीदाराचं सांगतात. बाई कोपऱ्यात बसून नेमका शब्द लिहितात.

पंधराव्या दिवशी फोन लागला आणि मुलगी बोलायच्या आत मोजणीदारांनी भुवई उंचावली. आजवर त्यांनी फक्त उत्तरं दिली होती. प्रश्न एकही विचारला नव्हता.

“कुलपू?” ते म्हणाले.

पलीकडे भिंगं घासायच्या यंत्राचा आवाज बंद झाला.

“किल्लू, बाबा,” मुलगी कशीबशी म्हणाली.

मोजणीदारांनी डोळे मिटून उत्तर तपासलं.

“बरोबर,” ते म्हणाले.